ड्रिलला थंडावा, टॅपला वंगण: धातूत आटे पाडताना कोणतं तेल कुठे वापरायचं

स्टेनलेसच्या जाड पट्टीत मला एम ६ चे, म्हणजे ६ मिलिमीटर व्यासाच्या बोल्टचे, सोळा आटे पाडायचे होते. दहा नीट झाले. अकराव्या भोकात टॅप (भोकात आटे कापणारं दातेरी हत्यार) अर्धा उतरला, हँडल थोडं जड लागलं, मी जरा जोर दिला आणि 'टक्' असा आवाज आला. टॅपचा अर्धा तुकडा भोकात राहिला, उरलेला हँडलमध्ये. टॅप नवा होता, भोक मापात होतं, हातही वाकडा गेला नव्हता. चुकलं होतं तेल. ड्रिलिंगला जे पातळ मशीन ऑइल वापरलं, तेच टॅपिंगलाही घातलं होतं.

नव्याने हे काम शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची चूक हीच असते: एकच डबा, सगळ्या धातूंना आणि दोन्ही कामांना. म्हणून ज्या क्रमाने काम हातात येतं, त्याच क्रमाने पुढे लिहिलं आहे.

१. आधी हे समजून घ्या: ड्रिल आणि टॅप वेगळं मागतात

ड्रिल वेगाने फिरतं. साध्या लोखंडात ५ मिलिमीटरचं एचएसएस (हाय स्पीड स्टीलचं) ड्रिल मिनिटाला दीड हजार फेरे घेतं. तिथे खरा शत्रू उष्णता आहे. धार तापली की मऊ पडते, मऊ पडली की घासते आणि घासली की आणखी तापते. म्हणून ड्रिलला मुख्यतः थंडावा हवा. थंडाव्यात पाण्याच्या तोडीचं काही नाही, कारण तेवढ्याच वजनाचं पाणी तेलाच्या साधारण दुप्पट उष्णता पोटात घेतं. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी धातू कापण्यावर वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि १९०७ च्या सुमारास ते प्रसिद्ध केले. हत्यारावर नुसत्या पाण्याची मोठी धार सोडली तरी कापण्याचा वेग ३० ते ४० टक्के वाढवता येतो, असं त्यांना आढळलं होतं. नुसत्या पाण्याने गंज चढतो, म्हणून आज आपण त्यात सोल्युबल ऑइल मिसळून पांढरं दुधासारखं कूलंट करतो.

टॅपचं तसं नाही. हाताने फिरवलेला टॅप फारसा तापत नाही, पण त्याचे दात चारही बाजूंनी धातूत रुतलेले असतात. कापणारी धार थोडी आणि घासणारं अंग जास्त. दाब इतका असतो की साधं तेल दात आणि धातू यांच्यामधून पिळून बाहेर जातं आणि धातूवर धातू घासायला लागतो. इथे हवं ते चिवट, दाबाखाली टिकणारं वंगण.

चांगल्या कटिंग ऑइलमध्ये म्हणूनच दोन प्रकारच्या गोष्टी घातलेल्या असतात. एक, चरबीची किंवा वनस्पतीची तेलं. त्यांचे रेणू एका टोकाने धातूला धरून बसतात, त्यामुळे कमी तापमानालाही पातळ थर टिकतो. दुसरी, गंधक, क्लोरीन किंवा फॉस्फरसची संयुगं. धारेच्या टोकाशी क्षणभर प्रचंड दाब आणि उष्णता तयार होते, तिथे ती धातूशी रासायनिक क्रिया करतात आणि सहज सरकणारा एक पातळ थर तयार होतो. टॅपचे दात धातूला चिकटून फाटण्याऐवजी त्या थरावरून घसरतात. डब्यावर 'एक्स्ट्रीम प्रेशर' किंवा 'ईपी' लिहिलेलं असतं ते याचसाठी.

२. धातू कोणता आहे ते नक्की करा

तेल निवडायच्या आधी हे ठरलंच पाहिजे. लोहचुंबक जवळ ठेवा. साधं लोखंड आणि बीड (ओतीव लोखंड) दोन्ही घट्ट चिकटतात. बिडाला घासलं तर काळी भुकटी निघते, लोखंडाचा लांब कीस निघतो. ३०४ किंवा ३१६ स्टेनलेसला चुंबक लागत नाही, फार तर वाकवलेल्या जागी किंचित ओढतो. पण ४३० सारखं स्टेनलेस चुंबकाला चांगलं चिकटतं, त्यामुळे 'चिकटलं म्हणजे लोखंड' असं गृहीत धरू नका.

एका जागी विशेष सावध राहा. अॅल्युमिनियमपेक्षाही हलका वाटणारा राखाडी ओतीव भाग मॅग्नेशियमचा असू शकतो. कोपरा खरवडून स्वच्छ धातू उघडा करा आणि त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. लगेच फेस आला तर मॅग्नेशियम. अॅल्युमिनियमवर तसा फेस येत नाही. मॅग्नेशियमवर पाणी मिसळलेलं कूलंट वापरायचं नाही: पाण्याशी क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो आणि बारीक कीस पेटला तर पाण्याने आग भडकते. त्यासाठी पाणी नसलेलं हलकं खनिज तेल, धारदार हत्यार आणि शेजारी कोरड्या वाळूची बादली. नवशिक्याने मॅग्नेशियमवर एकट्याने काम न केलेलंच बरं.

३. हाताशी काय काय हवं

• गंधकयुक्त ईपी कटिंग ऑइल, लोखंड आणि स्टेनलेससाठी. गडद रंगाचं असतं आणि वास उग्र येतो.
• टॅपिंग पेस्ट. उभ्या पृष्ठभागावर किंवा डोक्यावरच्या भोकात तेल टिकत नाही, तिथे हीच कामाला येते.
• सोल्युबल ऑइल आणि त्यात मिसळायला स्वच्छ पाणी.
• अॅल्युमिनियमसाठी रॉकेल किंवा पातळ, गंधक नसलेलं कटिंग ऑइल.
• तेल लावायला लहान ब्रश किंवा नळीची बाटली.
• कीस काढायला दुसरा, ताठ केसांचा ब्रश. दोन्ही कामांना एकच ब्रश वापरला तर कीस पुन्हा भोकात जातो.
• सेंटर पंच (भोकाच्या जागी ठोकून खूण करायला), योग्य मापाचं ड्रिल, काउंटरसिंक (भोकाचं तोंड तिरकं उघडायला), टॅपचा संच, टॅप हँडल आणि काटकोन तपासायला लहान गुण्या.
• डोळ्यांना गॉगल. फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे घालू नका, ड्रिल मोज्यासकट बोट ओढून घेतं.

४. ड्रिलचं माप: चांगलं तेलही इथली चूक भरून काढत नाही

साधा नियम असा की आट्याच्या व्यासातून पिच, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर, वजा करा. एम ६ ला पिच १ म्हणून ड्रिल ५. एम ८ ला पिच १.२५, ड्रिल ६.८. एम १० ला १.५, ड्रिल ८.५. या मापांत आट्याची उंची पूर्ण आट्याच्या साधारण ७४ ते ७७ टक्के येते.

कठीण आणि चिवट धातूत मी यापेक्षा थोडं मोठं भोक पाडतो. एम ६ साठी ५ ऐवजी ५.२ चं ड्रिल घेतलं की आटा सुमारे ६२ टक्के उरतो. खोली पुरेशी असेल, म्हणजे निदान बोल्टच्या व्यासाच्या दीडपट, तर ताकदीत फारसा फरक पडत नाही, पण टॅपवरचा ताण लक्षणीय उतरतो. माझा टॅप तुटला त्या पट्टीत मी ५ चंच ड्रिल वापरलं होतं. तक्त्यानुसार ते बरोबरच होतं, पण स्टेनलेसमध्ये हाताने टॅप करणाऱ्याला तक्ता थोडा कडक पडतो.

आटे कापणाऱ्या नव्हे तर दाबून घडवणाऱ्या टॅपला हा नियम लागू नाही. त्याला पिचचा अर्धाच भाग वजा करायचा असतो, म्हणजे एम ६ ला साधारण ५.५. तो टॅप कीस काढत नाही, धातू नुसता दाबतो, त्यामुळे त्याला वंगण सगळ्यांत जास्त लागतं. कोरडा किंवा पातळ कूलंटवर तो चालवूच नका.

५. धातूनुसार तेल निवडा

साधं लोखंड, माइल्ड स्टील. ड्रिलिंगला पाण्यातलं सोल्युबल ऑइल उत्तम, नाहीतर कटिंग ऑइल. टॅपिंगला गंधकयुक्त कटिंग ऑइल. माइल्ड स्टील मऊ आणि चिवट असल्यामुळे चुकीच्या तेलावर आटे फाटलेले, खरखरीत निघतात. आट्याच्या पृष्ठभागाकडे भिंगातून बघा: तेल बरोबर असेल तर तो चकचकीत दिसतो, चुकीचं असेल तर खवले उचलल्यासारखा.

स्टेनलेस. ह्याला वेळ द्या. ३०४ सारखं स्टेनलेस घासलं की जागच्या जागी कडक होतं. ड्रिल कापण्याऐवजी नुसतं फिरत राहिलं की भोकाच्या तळाशी काचेसारखा गुळगुळीत, कडक थर बसतो. मग नवीन ड्रिलही तिथे घसरतं आणि पुढे टॅपला तोच कडक थर कापावा लागतो. म्हणजे टॅप तुटण्याची तयारी ड्रिलिंगच्या वेळीच झालेली असते. उपाय असा: फेरे निम्म्याहून कमी करा, दाब मात्र चांगला आणि सलग ठेवा. ५ मिलिमीटरच्या एचएसएस ड्रिलला मिनिटाला ६०० च्या आसपास फेरे पुरे. कीस सतत निघत राहिला पाहिजे, तो थांबला की ड्रिल लगेच बाहेर काढा. ड्रिलिंगलाही कटिंग ऑइल भरपूर घाला आणि टॅपिंगला जड ईपी तेल किंवा पेस्ट. क्लोरीन आणि गंधक दोन्ही असलेली तेलं इथे फार चांगली चालतात, मात्र काम झाल्यावर ती पूर्ण धुवून काढा.

अॅल्युमिनियम. हा मऊ आहे, पण चिकट. ड्रिलच्या धारेवर आणि टॅपच्या दातांवर त्याचे कण जाऊन बसतात, दात जाड होतात आणि आटा ओरबाडला जातो. इथे जड तेलाची गरज नाही. रॉकेल, पातळ कटिंग ऑइल किंवा डब्ल्यूडी-४० सारखा फवाराही चालतो. दातात अॅल्युमिनियम अडकलेलं दिसलं की लगेच पितळी ब्रशने साफ करा. रॉकेल पेट घेतं, तेव्हा शेजारी ग्राइंडर किंवा वेल्डिंग चालू नको.

बीड. कोरडं. बिडात मुळातच ग्रॅफाइटच्या पापुद्र्या असतात आणि त्याच वंगणाचं काम करतात. तेल घातलं की भुकटीची काळी पेस्ट होते आणि टॅपच्या खोबणी बंद करते. भुकटी ब्रशने किंवा व्हॅक्यूमने काढा. हवेचा झोत मारला तर ती थेट डोळ्यांत येते.

पितळ. सहज कापलं जाणारं पितळ कोरडंच ड्रिल करता येतं. इथे तेलापेक्षा धारेची काळजी जास्त: साधं ड्रिल पितळात एकदम घुसतं आणि वस्तू हातातून हिसकावून फिरवतं. धारेवरून धारेच्या दगडाचा एकच हलका हात फिरवून ती किंचित बोथट करा आणि वस्तू पकडीत घट्ट आवळा.

तांबं. मऊ आणि चिवट. पातळ कूलंट किंवा चरबीयुक्त तेल वापरा. तांबं आणि पितळ दोघांनाही सक्रिय गंधक असलेलं तेल काळे डाग पाडतं. आपल्या डब्यातलं तेल तसं आहे का, हे कळायला पॉलिश केलेल्या तांब्याच्या तुकड्यावर एक थेंब टाका आणि तुकडा गरम करा. खाली काळा डाग उमटला तर ते तेल लोखंडासाठीच ठेवा.

टायटॅनियम. कमी फेरे, भरपूर जड वंगण, पण क्लोरीन नसलेलं. विमानांच्या भागांवर क्लोरीनयुक्त तेलं टाळतात, कारण उरलेल्या क्लोरीनमुळे पुढे ताणाखाली तडे जाण्याचा धोका असतो.

६. कूलंट कालवताना

भांड्यात आधी पाणी घ्या आणि त्यात ढवळत ढवळत तेल ओता. उलट केलं, म्हणजे तेलावर पाणी ओतलं, तर ते नीट मिसळत नाही, दह्यासारख्या गुठळ्या होतात. ड्रिलिंगला वीस भाग पाण्याला एक भाग तेल, म्हणजे ५ टक्क्यांच्या आसपास. त्याच कूलंटवर टॅपिंगही करायचं असेल तर प्रमाण १० टक्क्यांपर्यंत न्या. जुन्या कूलंटला कुजका वास आला तर त्यात जिवाणू वाढलेले असतात. त्यात नवीन भर घालू नका, टाकी रिकामी करून धुवा.

७. भोक पाडताना

सेंटर पंच मारा. भोक खोल असेल तर ड्रिल थोडं आत न्यायचं, पूर्ण बाहेर काढायचं, कीस झटकायचा, तेल घालायचं आणि पुन्हा आत. व्यासाच्या तिप्पट खोलीनंतर हे चुकवू नका, कारण त्यापुढे तेल आपणहून टोकापर्यंत पोहोचत नाही. वरून वाहणारी धार बघून वाटतं की आत सगळं ओलं आहे, प्रत्यक्षात वर येणारा कीस तेलही बाहेर ढकलत असतो. धूर म्हणजे उशीर झाला. लोखंडाचा निळा कीस म्हणजे फेरे जास्त किंवा थंडावा कमी.

भोक पूर्ण झालं की काउंटरसिंकने तोंड आट्याच्या बाहेरच्या व्यासाएवढं उघडा, मग टॅप सरळ बसतो. आणि ही पायरी बहुतेक जण विसरतात: ड्रिलिंगचा सगळा कीस आणि कूलंट काढून भोक पुसून घ्या. पाणी उरलेल्या भोकात टॅपिंग ऑइल ओतलं तर ते भिंतीला धरत नाही.

८. आटे पाडताना

टॅपच्या दातांना ब्रशने तेल लावा आणि भोकाच्या भिंतीलाही. पहिले दोन-तीन फेरे थोडा खालचा दाब देऊन फिरवा, मग थांबून गुण्या लावा, दोन दिशांनी. त्यानंतर दाब देऊ नका, टॅप स्वतःच आत ओढला जातो. साधा हाताचा टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे फिरवताना कीस तुटतो आणि हाताला एक बारीक 'कट्' जाणवतो. तो जाणवला की पुढे जा.

तेल बरोबर आहे की नाही हे हाताला आणि कानाला कळतं. बरोबर तेलावर टॅप लोण्यातून सुरी जावी तसा नाही, पण एकसारख्या जडपणाने जातो आणि आवाज जवळजवळ नसतो. कुरकुर ऐकू आली किंवा हँडल झटक्याझटक्याने सरकू लागलं, तर तेल कमी पडलंय किंवा हलकं पडतंय. त्या क्षणी पुढे नेऊ नका. टॅप पूर्ण उलटा फिरवून बाहेर काढा, खोबणी साफ करा, भोक साफ करा, नव्याने तेल लावा. सगळ्यात वाईट लक्षण म्हणजे हँडल वळतंय आणि टॅप वळत नाही, मध्ये स्प्रिंगसारखी लवचीक जाणीव. टॅप पिळवटतोय. मला अकराव्या भोकात नेमकी हीच जाणीव झाली होती, पण दहा भोकं नीट गेली म्हणून मी हात थांबवला नाही.

एका बाजूने बंद असलेल्या भोकात तेल काठोकाठ भरू नका. टॅप खाली जाताना तेल कोंडतं आणि दाबाने टॅप अडतो. तिथे दातांवर पेस्ट लावणं चांगलं. कीस वर आणणारा वळणदार खोबणीचा टॅप घ्या, तळाशी कीस साठायला आट्याच्या खाली जागा सोडा आणि शेवटचे आटे बॉटमिंग टॅपने (तळापर्यंत कापणाऱ्या टॅपने) पूर्ण करा. आरपार भोकात टोकाला तिरकी खोबण असलेला टॅप कीस पुढे ढकलतो, तो मागे फिरवावा लागत नाही.

९. हाताशी सापडेल ते तेल: काय चालतं, काय नाही

इंजिन ऑइल. फिरणाऱ्या भागांमधला थर टिकवायला ते बनवलेलं आहे, धातू कापायला नाही. काहीच नसेल तर कोरड्यापेक्षा बरं, पण लोखंडात मोठा टॅप त्यावर चालवू नका. वापरून काढलेलं इंजिन ऑइल तर हाताला लावूच नका, ते त्वचेला घातक आहे.

ग्रीस. पातळ भिंतीच्या आरपार भोकात कीस आत पडू नये म्हणून टॅपच्या खोबणीत भरतात, तेवढंच.

खाद्यतेल. चरबीयुक्त असल्यामुळे टॅपवर ते खरोखर चांगलं काम करतं. नंतर मात्र ते चिकट होऊन वाळतं, म्हणून लगेच पुसा. त्याने भिजलेली फडकी गठ्ठा करून ठेवू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

फवाऱ्याची पातळ तेलं. अॅल्युमिनियमला ठीक, स्टेनलेसला अजिबात नाही.

जुन्या डब्यातला टॅपिंग फ्लुइड. पूर्वी यांत ट्रायक्लोरोइथेन असायचं. काम अप्रतिम व्हायचं, पण त्याची वाफ घातक आणि ओझोन थराला हानी करणारी, म्हणून जगभर ते बंद झालं. घटकांत ते नाव दिसलं तर वापरू नका.

१०. काम झाल्यावर

भोक साफ करा आणि बोल्ट बोटांनी फिरवून बघा. तो शेवटपर्यंत बोटांनीच गेला पाहिजे. गंधक किंवा क्लोरीन असलेलं तेल वस्तूवर तसंच ठेवू नका, साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडं करा. पुढे वेल्डिंग असेल तर ही धुलाई क्लोरीनयुक्त क्लीनरने करायची नाही. त्याचा अंश राहिला आणि आर्कची उष्णता लागली तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

आणि टॅप तुटलाच तर? वस्तू अॅल्युमिनियमची किंवा पितळेची असेल तर काचेच्या भांड्यात तुरटीचं गरम, दाट द्रावण करून ती त्यात बुडवून ठेवा. तुरटी लोखंडाला हळूहळू खाते, अॅल्युमिनियमला आणि पितळेला जवळजवळ हात लावत नाही. तास जातात, कधी दिवस, आणि द्रावण गरम ठेवावं लागतं. माझी वस्तू स्टेनलेसची होती, तिथे ही युक्ती चालत नाही. तो तुकडा शेवटी स्पार्क इरोजन मशीनवर, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी, जाळून काढावा लागला. उरलेली भोकं आधी ५.२ ने मोठी केली, प्रत्येक भोक पुसलं, टॅपला पेस्ट लावली आणि प्रत्येक तीन फेऱ्यांनी बाहेर काढून साफ केला. त्याच मापाच्या नव्या टॅपने ती सगळी पूर्ण झाली, आणि त्यातल्या एकाही भोकात हँडल कुरकुरलं नाही.